डोळ्याला टिपूस नाही

आमची आनसाआत्या घासागणिक पाणी प्यायची. भाकरीचा तुकडा मोडायचा, कालवणात चांगला भिजवायचा, तोंडात टाकायचा आणि लगेच तांब्या उचलायचा. तिच्या ताटाशेजारी पेला कधी नसे. पेल्यानं तिचं भागतच नसे. लग्नाच्या पंगतीत वाढपी तिच्यापाशी आले की कुणीतरी म्हणायचं, "हितं कळशीच ठेवा," आणि सगळी पंगत हसायची. आत्याही हसायची, पण तिचे ओठ सुकून दातांना चिकटलेले असत, त्यामुळे ते हसू अर्ध्यावरच थांबायचं. तिची दुसरी सवय डोळे मिटून बोलण्याची. बोलता बोलता ती पापण्या घट्ट मिटायची, दोन-तीन वाक्यं तशीच बोलायची, मग डोळे उघडून भराभर उघडझाप करायची. ज्यांना ती ठाऊक नव्हती त्यांना वाटे, बाई भलतीच गर्विष्ठ दिसते, माणसाकडे बघून बोलत नाही. आम्ही पोरं तिची नक्कल करायचो. सगळ्यांत चांगली नक्कल माझी असायची.

आज मी सांगलीत डोळ्यांच्या एका दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डॉक्टरांनी बघायच्या आधी रोग्याची नजर, डोळ्याचा दाब, अश्रूंचं प्रमाण हे सगळं मी तपासून ठेवते. असं डोळे मिटून बोलणारं, पाण्याची बाटली हातात धरून बसलेलं माणूस आता बाकावर दिसलं, तर मी त्याचा नंबर यायची वाट बघत नाही. हे शहाणपण मला उशिरा आलं.

आत्याचं नाव अनसूया. माझ्या वडिलांची, अण्णांची, ती थोरली बहीण. अण्णा तीन वर्षांचे असताना आमची आजी गेली. तेव्हा आत्या नऊ-दहा वर्षांची असेल. तिनं शाळा सोडली आणि भावाला वाढवलं. अण्णांना ती "शिरपा" म्हणायची. अण्णा सांगायचे, पहिलीत असताना ते शाळेच्या पायरीवरून पळून यायचे, म्हणून आत्या त्यांना वर्गात बसवून स्वतः दाराबाहेर बसून राहायची. मास्तर म्हणाले, "पोरी, तूच बस की आत." ती म्हणाली, "नगं गुर्जी, घरी भाकऱ्या थापायच्या हायत." पुढं तिचं लग्न कुंडलला झालं. सासरी उसाची शेती, घरात माणसांचं मोठं खटलं, दिवसभर काम. अण्णा फौजेत भरती झाले. सुट्टीवर येताना ते आधी कुंडलला उतरायचे, बहिणीच्या हातचं जेवायचे आणि दुसऱ्या दिवशी रहिमतपूरला आमच्या घरी यायचे. आई ओवाळायला तबक घेऊन उभी असायची, पण तिच्या चेहऱ्यावर तो एक दिवस लिहिलेला असायचा. पत्रंसुद्धा आधी कुंडलला जायची. आई यावरून भांडली नाही कधी. तिनं ते मनात साठवलं.

आत्याचं एक पालुपद होतं, "आसू दे." कुणी काही वाईट बोललं, काही नुकसान झालं, गाय आटली, पीक बुडालं, सगळ्यावर तिचं एवढंच. "आसू दे. काम निघालंय." आईला ते मुळीच आवडत नसे. ती म्हणायची, "कशाचं काय वाटतंय का ह्या बाईला?"

मी बारावीला होते तेव्हा अण्णा गेले. फौजेतून सुटून येऊन सहा-सात वर्षं झाली होती. बाजाराच्या दिवशी घेवड्याचं पोतं गाडीत चढवताना छातीत कळ आली आणि दवाखाना गाठायच्या आत संपलं. दुपारी आत्या कुंडलहून आली. रस्त्याच्या वळणावर गाडी थांबली तेव्हा अंगणातल्या बायकांचा आक्रोश एकदम वाढला. लोक आत्यासाठी वाट करून देत होते. भाऊ म्हणजे तिचं काय होतं ते सगळ्या गावाला ठाऊक होतं, आणि आता ही बाई अंग टाकून देणार, म्हणून दोघी-तिघी तिला धरायला पुढं झाल्या.

आत्या चालत आली. अण्णांच्या उशाशी बसली. त्यांच्या कपाळावर हात ठेवला. तिचे डोळे लाल होते, पण कोरडे. ती नुसती बघत राहिली, मग पापण्या मिटल्या, मग उघडझाप. बायका गळ्यात पडून रडत होत्या आणि ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. जरा वेळानं ती उठली, स्वयंपाकघरात गेली, हंड्यातून तांब्या भरून घेतला आणि परत येऊन अण्णांच्या उशाशीच बसून घटाघटा पाणी प्यायली. कुणीतरी माझ्या मागं बोललं, "ह्या येळंला तहान लागती व्हय माणसाला?"

मी ते ऐकलं. माझ्या आईनंही ऐकलं.

तेराव्याच्या दिवशी पाहुणे उठले आणि आत्या निघायची तयारी करू लागली. आई दारात उभी होती. तिचे डोळे सुजून बारीक झाले होते. ती म्हणाली, "वन्सं, एक इचारू?"

"इचार की वैनी."

"तेरा दिस झालं. तुमच्या डोळ्यातनं एक टिपूस न्हाई आलं. सख्खा भाऊ गेला तुमचा. वाटंनं जाणारं माणूस रडलं, दूधवाला रडला. तुमाला का न्हाई आलं रडू?"

आत्यानं डोळे मिटले. म्हणाली, "येत न्हाई, वैनी."

"येत न्हाई म्हंजे?"

"आता काय सांगू? येत न्हाई."

"मग ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "सारी हयात त्यो माणूस आदी तुमच्या दारात गेला, मग माझ्या. आन तुमी त्येच्यासाठनं एक थेंब गाळला न्हाई. काळीज न्हाई तुमाला. परत ह्या घरात पाऊल टाकू नका."

मला वाटलं आत्या आता काहीतरी बोलेल. ती "बरं वैनी" म्हणाली आणि पिशवी उचलून चालू लागली. माझ्यापाशी थांबून तिनं माझ्या गालावर हात ठेवला. मी मान वळवली. त्या दिवशी मीही आईच्याच बाजूची होते, आणि हे सांगताना मला अजून लाज वाटते.

पुढच्या गुऱ्हाळाच्या मोसमात तिनं आमच्यासाठी गुळाची ढेप आणि काकवीचा डबा पाठवला. अण्णा असताना दरवर्षी यायचा तसाच. तिचा मुलगा विलासदादा मोटारसायकलवर घेऊन आला होता. आई आतून बाहेर आलीच नाही. तिनं मला सांगितलं, "परत दे." मी ती ढेप उचलून त्याच्या गाडीवर ठेवली. तो म्हणाला, "स्वाती, आईनं इचारलंय, तुझी परीक्षा कशी झाली." मी म्हणाले, "बरी झाली," आणि घरात गेले. त्यानंतर गूळ आला नाही.

अकरा वर्षं गेली. मी शिकले, सांगलीत नोकरीला लागले, लग्न झालं, मुलगी झाली, माधवनगरला राहायला गेले. लग्नाची पत्रिका कुंडलला गेली नाही. सांगलीहून कुंडल काही लांब नाही, पण मी त्या वाटेला कधी वळले नाही.

मग एका दुपारी माझ्या टेबलावर केसपेपर आला. अनसूया, वय पासष्ट, कुंडल. तक्रार: डोळ्यात वाळू. मी आडनाव पुन्हा वाचलं आणि वर बघितलं. दारात आत्या उभी होती. वाळली होती. पुढचे दात पडले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, एका हातात सुनेचा हात, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. तिनं मला ओळखलं नव्हतं. मी खुर्ची पुढं सरकवायला उठले आणि दोन पावलं चालले, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. पुन्हा चाल बघू."

मी थांबले.

"शिरपा आसाच चालायचा. डावा खांदा पुढं." तिनं चष्मा काढला. "तू स्वाती न्हवं?"

मी "हो आत्या" म्हणाले. मग मी सगळ्या रोग्यांना विचारते तेच विचारलं, कधीपासून त्रास आहे.

"लय दिस झालं. तुझ्या आण्णाच्या आदी चार-पाच वर्सं आसंल. सकाळी उठलं की पापण्या उघडत न्हाईत. बोटानं सोडवाव्या लागत्यात. उघडलं की आसं वाटतंय, कुणी वाळूचा कागद फिरवतंय डोळ्यावरनं. गार पाणी मारती. दिसात धा-इस डाव मारती. तेवढ्यापुरतं बरं वाटतंय." गावात तिनं सगळं करून बघितलं होतं. एरंडेल, मध, गाईचं तूप, मेडिकलमधून मिळणारे लाली घालवायचे थेंब. एकानं सांगितलं मोतीबिंदू, एकानं सांगितलं ॲलर्जी, एकानं सांगितलं वय झालं.

अश्रू मोजायची एक साधी तपासणी असते. गाळणकागदाची अरुंद पट्टी खालच्या पापणीत अडकवायची आणि पाच मिनिटं थांबायचं. कागद अश्रू शोषतो, ओल खाली उतरत जाते आणि पट्टीवरच्या खुणांवरून मोजता येते. चांगल्या डोळ्यात ती दहा-पंधरा खुणांपर्यंत सहज जाते. पुष्कळांची तर पट्टी भिजून जाते. मी आत्याच्या दोन्ही डोळ्यांत पट्ट्या लावल्या आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं झाली. डाव्या डोळ्याच्या पट्टीवरची ओल एका खुणेपाशी थांबली होती. उजव्या डोळ्याची पट्टी मी जशी लावली तशीच बाहेर निघाली. कोरडी.

ती पट्टी हातात धरून मी उभी होते आणि मला अंगणात पाणी पिणारी आत्या दिसत होती.

"काय निघालं?" तिनं विचारलं.

"आत्या," मी म्हणाले, "तुझ्या डोळ्यात पाणीच तयार होत नाही."

"म्हंजे?"

"म्हणजे तुला रडायला आलं तरी अश्रू येऊ शकत नाहीत. आजार आहे हा. तोंड सुकतं तोही याच्यातलाच आहे."

ती सुनेकडं वळून म्हणाली, "तू जरा भाईर बस गं." सून गेल्यावर तिनं माझं मनगट धरलं. तिचा हात उसाच्या पाचटासारखा खरखरीत होता.

"आजार हाय? खरं सांग. माझ्या समाधानासाठनं सांगू नगंस."

"खरंच आजार आहे, आत्या."

"मला वाटलं, वैनी म्हंती तसंच आसंल. शिरपा गेला तवा आतनं पार फाटल्यागत झालं हुतं गं. पर डोळ्यात काय येईना. मी रानात जाऊन बसायची, त्येचं एकेक आठवायची, त्यो पहिलीत पळून यायचा ते आठवायची. म्हनायची, रड की भवाने. न्हाईच यायचं. मग मीच म्हनलं, वैनी खरं बोलली. माझ्यातच काय तरी कमी हाय. कुणाला काळीज आसतं, कुणाला नसतं."

अकरा वर्षं ती स्वतःला काळीज नसलेली बाई समजून जगली होती. आम्ही तिला तसं म्हटलं आणि तिनं ते मान्य केलं. त्या दाराशी ती गप्प राहिली, कारण स्वतःच्या बाजूनं बोलायला तिच्याजवळ काही नव्हतं.

डॉक्टर मॅडमनी तपासलं. डोळ्यात रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात फोटो काढला. जिथं बुबुळाचा पृष्ठभाग खरवडला गेलेला असतो तिथं तो रंग धरतो. आत्याच्या बुबुळावर हिरव्या ठिपक्यांची गर्दी होती, आणि एक-दोन जागी बारीक धागे सुटून लोंबत होते. मॅडमनी पडद्यावर तिला ते दाखवलं. रक्ताच्या तपासण्या झाल्या. शरीराची राखण करणारी यंत्रणाच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते, असा हा आजार. तो बरा होत नाही, सांभाळावा लागतो.

नंतर मी तिला माझ्या भाषेत समजावत बसले. पापणी दिवसभरात हजारो वेळा बुबुळावरून सरकते. चांगल्या डोळ्यात ती बुबुळाला घासतच नाही, कारण मधे अश्रूंचा पातळ पडदा असतो. तो नुसत्या पाण्याचा नसतो. वर तेलाचा तवंग, खाली पाणी आणि पार तळाशी, बुबुळाला धरून बसलेला, बुळबुळीत थर. पापणी त्याच्यावरून घसरते. तो थर गेला की कातडं कातड्यावर घासतं, आणि प्रत्येक उघडझापीला थोडं खरवडून निघतं. आत्या दिवसातून वीस वेळा पाण्याचे हबके मारत होती, त्यानं उरलासुरला बुळबुळीतपणाही धुऊन जात होता.

"म्हंजे मीच घालवला?"

"तुला काय माहीत, आत्या."

मी तिला वंगणाच्या थेंबांची छोटी कुपी दिली. तिनं ती लगेच डोळ्यात घातली नाही. एक थेंब बोटावर घेतला, अंगठ्यानं चोळला, दोन बोटं लांब केली. बारीक तार आली.

"ह्यो तर रानभेंडीचा चीक," ती म्हणाली. "गुऱ्हाळात काहिलीतल्या उकळत्या रसात टाकतोय न्हवं, मळी काढायला? तसाच लागतोय हाताला."

मी चकित झाले. या थेंबांत लांबच लांब साखळ्यांसारखे रेणू असतात आणि ते स्वतःभोवती पाणी धरून ठेवतात. भेंडीच्या चिकाचा बुळबुळीतपणाही असल्याच साखळ्यांचा. आमच्या अभ्यासक्रमात यावर एक पूर्ण प्रकरण होतं. डोळा उघडा असतो तेव्हा हे थेंब दाट राहून चिकटून बसतात, पापणी झपकन खाली येते तेव्हा पातळ होऊन तिला वाट देतात, ती वर गेली की पुन्हा दाट होतात. असाच पदार्थ निसर्गानं आपल्या गुडघ्यातही घातलेला आहे. हे सगळं मी परीक्षेत लिहिलं होतं. आत्याला ते दोन बोटांत कळलं.

थेंब घातल्यावर ती डोळे मिटून बसली. मग उघडले. एकदा पापणी मिटली, उघडली. पुन्हा एकदा, सावकाश. "आवाज थांबला गं," ती म्हणाली. कसला आवाज, मी विचारलं. "आत खरखर व्हायची तिचा. तुमाला ऐकू येत नसंल. मला यायचा."

जाताना तिनं विचारलं, "वैनीला सांगशील?"

"सांगते ना."

"रागानं न्हाई सांगायचं. भांडायचं न्हाई. तिचं बी काय चुकलं न्हाई, जे दिसलं त्येच ती बोलली. नुसतं सांग, आनसाला आजार हुता."

मी हो म्हणाले. माफी मात्र मागितली नाही. गुळाची ढेप परत केल्याचा विषय ओठांवर आला होता. पण बाहेर रोगी ताटकळले होते आणि मी कामावर होते, एवढी कारणं मला त्या दिवशी पुरली.

पुढं ती दर दोन-तीन महिन्यांनी यायची. येताना रानातलं काहीतरी आणायची, हरभऱ्याचा डहाळा, कधी दोन कणसं. डोळे बरेच सुधारले. काळा चष्मा गेला. डोळे मिटून बोलणं कमी झालं, आणि तिचे डोळे घारे आहेत हे मला तिसाव्या वर्षी कळलं. कुपी ती कमरेच्या पिशवीत ठेवायची आणि चारचौघांत कधी काढायची नाही. मी म्हटलं, दोन-दोन तासांनी घालायचे असतात, लाजतेस काय? म्हणाली, "लोक म्हंत्याल, म्हातारी बाटलीतलं रडतीया."

नातीच्या लग्नात मात्र तसंच झालं. नात सासरी निघायच्या जरा आधी आत्यानं माजघरात जाऊन थेंब घातले. घाईत जास्त पडले. बाहेर आली तेव्हा दोन्ही गालांवरून ओघळ चालले होते. एका शेजारणीनं बघितलं आणि ओरडली, "आगं बया, आनसाबाई रडली!" बायका गोळा झाल्या, कुणी पदर लावला, कुणी जवळ घेतलं. "मी काय बोलले न्हाई," आत्या मला सांगत होती. "म्हनलं आसू दे. किती वर्सांनी कुणी तरी माझं डोळं पुसलं. आन पोरगी सासरी निघालेली, आतनं तर रडू आलंच हुतं की. पाणी तेवढं दुकानातलं." हे सांगताना ती हसत होती. मीही हसले. मग एकदम म्हणाली, "सांगितलंस का गं वैनीला?"

"या दिवाळीला जाणार आहे ना, तेव्हा सांगते."

दिवाळीला मी रहिमतपूरला चार दिवस राहिले. पहिल्या दिवशी आई फराळाच्या गडबडीत होती. दुसऱ्या दिवशी तिला जरा ताप होता. तिसऱ्या दिवशी पाडवा, अण्णांच्या फोटोला हार घालताना तीच म्हणाली, "कुंडलवाली कशी आसंल कुणाला ठावं. तिला काय, दगड हाय दगड." तेव्हाच बोलायला हवं होतं. वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. पण आईकडं बघितलं आणि वाटलं, हिनं आपलं वैधव्य या रागाच्या आधारानं काढलंय. तो मी काढून घेतला तर ही कशावर उभी राहील? असं मी मनाला सांगितलं. खरी गोष्ट एवढीच होती की मला आईची भीती वाटत होती. आत्या दवाखान्यात येते, मी तिला भेटते, हेही मी तिला सांगितलेलं नव्हतं. सांगायला बसले असते तर तिथपासून सुरुवात करावी लागली असती.

संक्रांतीनंतर आत्या आली. डोळे तपासले, थेंब दिले. तिनं घरचं विचारलं, माझ्या मुलीचं विचारलं, आईची तब्येत विचारली. आईला सांगितलं का, ते विचारलं नाही. मी वाट बघत होते, विचारलं तर काय सांगायचं ते ठरवून ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही, आणि पुढंही कधी विचारलं नाही.

त्या आजारात पुढं पुढं कधी कधी फुप्फुसंही धरली जातात. पावसाळा सरता सरता तिला खोकला सुरू झाला. विलासदादानं मिरजेला दाखल केलं. मी दोनदा जाऊन आले. ऑक्सिजनचा मास्क लावलेला असल्यानं बोलणं होत नव्हतं. ऑक्सिजनच्या वाऱ्यानं डोळे जास्तच सुकतात, म्हणून मी जाताना थेंब घालायची, पापण्यांना मलम लावायची. दुसऱ्या भेटीत तिनं माझा हात धरून ठेवला आणि दाराकडं बघत राहिली. माझ्या मागून कुणी आलंय का, ते ती बघत होती. मी वळून दार लावून घेतलं. आठवड्यानं ती गेली.

मी आईला फोन केला. "आनसाआत्या गेली," म्हणाले. आई म्हणाली, "बरं. तू जाऊन ये. मी न्हाई येत." कुंडलला मी एकटीच गेले. तिथं बायका रडत होत्या आणि मला रडू आवरत नव्हतं. माझ्या डोळ्यांना कसलाच आजार नव्हता.

आईला सांगितलं ते आत्याचे दिवस उरकल्यावर. रहिमतपुरात आई सोप्यात सुपात घेवडा निवडत बसली होती. मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पट्टी, हिरवे ठिपके, वाळणारं तोंड, तांब्या. ती पाणी का प्यायली ते सांगितलं. रानात जाऊन ती स्वतःला रडवायची ते सांगितलं. आईचा हात चालायचा थांबला.

"खोटं," ती म्हणाली.

"खरं आहे. मी स्वतः तपासलंय तिला."

"म्हंजे त्या दिशी तिला..."

"येऊच शकत नव्हते अश्रू. ती म्हणाली होती ना, येत नाही. ती तेवढंच सांगू शकत होती."

आईनं सूप बाजूला ठेवलं. पदराचं टोक हातात गुंडाळत बसली. तिच्या डोळ्यांत पाणी भरलं, ओघळलं, तिनं पुसलं नाही. मग तिनं विचारलं, "काय म्हनाली गं मला?"

"म्हणाली, वैनीचं काय चुकलं नाही. जे दिसलं तेच ती बोलली."

आई मान खाली घालून बसली. मग एकाएकी माझ्याकडं बघितलं.

"हे तुला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आत्ताच कळलं म्हणता आलं असतं. "दीड वर्ष झालं," मी म्हणाले.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "म्हंजे दीड वर्स मला येळ हुता."



दुसऱ्या दिवशी सकाळी आई लवकर उठली. धुवट लुगडं नेसली, भाकऱ्या बांधून घेतल्या आणि म्हणाली, कुंडलला जाऊन येते, विलासला भेटते. मीही पर्स घेऊन तयार झाले. एसटीच्या थांब्यापर्यंत आम्ही दोघी चालत गेलो. गाडी आली. मी तिच्यामागं चढायला लागले तशी ती पायरीवर वळली.

"तू ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझी तिची भेट झालीया."